वाचक घडवणारा लेखक : महात्मा जोतीराव फुले



११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन दिवशी आपण सगळेच शाळेत महात्मा जोतीराव फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो. मुलं भाषणं पाठ करून येतात. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी', 'शेतकऱ्याचा असूड' ही यादी चौथीच्या मुलालाही तोंडपाठ असते. मागच्या वर्षी माझ्या वर्गात अशीच यादी म्हणून झाली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिनं विचारलं, बाई, त्यांची पुस्तकं छापली कुणी? आणि पैसे कुणी दिले?

खरं सांगते, मी क्षणभर गप्प झाले. प्रश्न वर्मी लागला होता. तीन वर्षांपूर्वी मी बालकवितांचं एक छोटं पुस्तक लिहिलं. एका प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवलं. आठ महिने उत्तर आलं नाही, पुढे आलं ते नकाराचं. मग पदरमोड करून तीनशे प्रती छापून घेतल्या. शंभरेक वाटल्या, काही विकल्या गेल्या. उरलेला गठ्ठा आजही घरच्या लोखंडी कपाटावर आहे. घरात साफसफाई निघाली की तो गठ्ठा इकडून तिकडे होतो आणि माझं मन खट्टू होतं.

त्या मुलीला मी सांगितलं, शोधून सांगते. त्या शोधात मला जोतीरावांचं जे आयुष्य दिसलं ते आपल्या भाषणांत फारसं येत नाही. समाजसुधारक जोतीराव आपल्याला माहीत आहेत. आज लेखक जोतीराव पाहू या. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच वाचता येत नव्हतं, अशा लेखकाची ही गोष्ट आहे.

बालपण आणि शिक्षण

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या काळात घराण्याचा फुलांचा व्यवसाय होता, त्यावरून फुले हे नाव रूढ झालं. आई लहानपणीच गेली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी जोतीरावांना सांभाळलं.

शाळेत घातलं, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं लोकांनी वडिलांच्या मनात भरवलं आणि शाळा सुटली. पोरगं शेतावर जाऊ लागलं. पण रात्री दिव्याजवळ बसून वाचायची त्याची ओढ गेली नाही. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी ही ओढ ओळखली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, यावेळी स्कॉटिश मिशनच्या शाळेत. १८४७ साली त्यांचं शिक्षण पूर्ण झालं.

पालकहो, इथे थोडं थांबा. ते दोन शेजारी मध्ये पडले नसते तर पुढची सगळी पुस्तकं कधीच लिहिली गेली नसती. मूल लेखक होण्याआधी वाचक होतं, आणि वाचक होण्यासाठी कुणीतरी मोठ्या माणसानं त्याची बाजू घ्यावी लागते.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. त्यापायी नवराबायकोला घर सोडावं लागलं. तरी पुढच्या चार वर्षांत आणखी शाळा निघाल्या, मुलींसाठी आणि महार-मांगांच्या मुलांसाठी. १८५२ साली सरकारतर्फे विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला. वय फक्त २५ वर्षं. शिक्षक म्हणून सरकारदरबारी मान्यता मिळाली होती. लेखक म्हणून काय वाटेला आलं, ते आता पाहा.

पहिलं हस्तलिखित आणि पहिला नकार

१८५५ साली जोतीरावांनी एक नाटक लिहिलं, 'तृतीय रत्न'. गोष्ट साधी आहे. एक कुणबी जोडपं. बायकोला दिवस गेले आहेत. एक जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि या गरीब माणसांना कर्ज काढून शांती, जेवणावळी करायला लावतो. एक पाद्री आणि एक विदूषक यांच्या तोंडून प्रेक्षकांना या फसवणुकीचा उलगडा होत जातो. शेवटी ते जोडपं ठरवतं की आपण शिकायचं, आणि जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेची वाट धरतं. तृतीय रत्न म्हणजे तिसरा डोळा, अर्थात विद्या.

हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. ही कमिटी काय होती, ते समजून घ्यायला हवं. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजी राजवटीत त्या फंडातला काही पैसा मराठी पुस्तकांना उत्तेजन म्हणून देण्याची पद्धत सुरू झाली. आज आपण अनुदानासाठी किंवा पुरस्कारासाठी हस्तलिखित पाठवतो ना, तसाच हा प्रकार. नवख्या मराठी लेखकाला पुस्तक छापायचं तर यासारखा दुसरा आधार नव्हता.

कमिटीनं नाटक नाकारलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवलं आहे. नाटकात ज्यांच्यावर टीका होती त्यांच्याच गोतावळ्यातली माणसं परीक्षक होती. वेगळा निकाल कसा लागणार? नाटक बाजूला पडलं. जोतीरावांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. ते छापून आलं १९७९ साली, म्हणजे लिहिल्यापासून १२४ वर्षांनी.

माझ्या आठ महिन्यांच्या वाट पाहण्याचं मला हसू आलं.

नकाराच्याच वर्षी

पण १८५५ हे वर्ष नुसतं नकाराचं नाही. त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या आणि मला त्या नाटकाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

एक, फुले दांपत्यानं शेतकरी आणि मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शाळा परवडणार नाही, हे साधं गणित त्यामागे होतं. नाटकातलं जोडपं जिथे जायला निघतं ती हीच शाळा.

दोन, त्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. वय साधारण १४ वर्षं. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 'ज्ञानोदय' या नियतकालिकानं १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ या दोन अंकांत तो छापला. गुरूचं नाटक अडून राहिलं आणि शिष्येचा निबंध छापून आला!

शिक्षक मित्रांनो, याहून मोठं बक्षीस आपल्याला कुठलं हवं? मुलीला अक्षरओळख होऊन जेमतेम काही वर्षं झालेली. तिनं शुद्धलेखनाची वही भरून ठेवली नाही, आपल्या समाजाचं दुःख मांडलं, धर्माला आणि राजाला प्रश्न विचारले. ज्या शाळेत फक्त पाठांतर होतं तिथून अशी मुलगी बाहेर पडत नाही.

चौदा वर्षांनी, पदरच्या पैशांनी

त्यानंतर १८६९ पर्यंत जोतीरावांचं मोठं पुस्तक दिसत नाही. या काळात ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. शाळा होत्या, विधवांच्या बाळंतपणासाठी उघडलेलं घर होतं, शेती आणि ठेकेदारी होती. सार्वजनिक बांधकामांची कंत्राटं ते घेत. त्या काळी कंत्राटदार म्हणजे बऱ्यापैकी पैसा. जोतीरावांच्या गाठीला तो राहिला नाही. एक मोठा वाटा शाळांत गेला, दुसरा छापखान्यात.

१८६९ साली एकाच वर्षात त्यांची दोन पुस्तकं आली. एक शिवाजी महाराजांचा पवाडा आणि दुसरं 'ब्राह्मणांचे कसब'. आता कुठल्या कमिटीच्या दारात जायचं नाही, स्वतः पैसे घालून छापायचं, असा हा मार्ग होता.

तेव्हा पुस्तक छापणं म्हणजे काय, हेही मुलांना सांगा. संगणक नाही. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. क, मग काना, मग मात्रा. जोडाक्षरांचे खिळे वेगळे. एक पान जुळवायला बराच वेळ. मग फर्मा दाबून कच्ची छपाई, मुद्रितं तपासणं, चुकीचा खिळा उपटून नवा बसवणं. कागदाचे पैसे आधी, जुळणीचे पैसे आधी. पुस्तक विकलं गेलं तर पैसे परत, नाही तर गठ्ठा घरी. प्रकाशक जो धोका पत्करतो तो सगळा लेखकाच्या डोक्यावर.

आणि विक्री? 'ब्राह्मणांचे कसब'च्या प्रती अधिकाऱ्यांनी घ्याव्यात म्हणून जोतीरावांच्या एका मित्रानं शिफारस करून पाहिली. पण ब्राह्मणांची नाराजी ओढवेल या भीतीनं कुणी प्रत विकत घ्यायला धजलं नाही, असंही जोतीरावांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे छपाईचा अडथळा पैशानं ओलांडला, तर पुढे खरेदीचा अडथळा उभा. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हे पुस्तक नको आहे. ज्याला हे पुस्तक हवं त्याच्याकडे पैसे नाहीत, आणि वाचताही येत नाही.

न वाचणाऱ्या माणसासाठी लिहायचं कसं?

जोतीरावांच्या लेखनातली सगळ्यात मोठी गोष्ट मला इथे दिसते. वाचता येत नाही म्हणून त्यांनी आपला वाचक बदलला नाही, पुस्तकाचा घाट बदलला.

पाहा बरं. शिवाजी महाराजांवर लिहायचं तर निबंध किंवा बखर न लिहिता पवाडा लिहिला. पवाडा हा ऐकायचा प्रकार. गावात एकाला अक्षरं लागत असली आणि गळा असला की शंभर जणांपर्यंत पुस्तक पोहोचलं. तो कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून अवघड संस्कृत शब्द टाळले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. 'गुलामगिरी' १८७३ साली आली, ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. चावडीवर किंवा पारावर दोन माणसं मोठ्यानं वाचू शकतील अशी रचना. पुढे अखंड लिहिले, ते अभंगाच्या चालीचे. कानावर अभंग असलेल्या माणसाला ते परके वाटणार नव्हते.

'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. पुण्यात बसून, मराठीत, बहुतेकांना वाचता न येणाऱ्या लोकांसाठी लिहिणारा हा माणूस नजर किती दूर ठेवून होता! त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. समाजामुळे गावोगाव माणसं जोडली गेली आणि पुस्तक हातोहात जायला वाट मिळाली. मुंबईतल्या तेलुगू सत्यशोधक मंडळींनी समाजाला छापखानाही दिला. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधु' हे वृत्तपत्र सुरू केलं, पण ते चालवताना त्यांची फार ओढाताण झाली. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आपल्या खांद्यावर घेतलं.

याच काळात, १८८२ साली, हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्याच्या मुलांच्या शिक्षणावर मात फारच थोडा खर्च होतो, हा त्यांचा मुद्दा. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार द्या, अशी मागणी त्यांनी केली. आपण डीएड करून प्राथमिक शाळेत उभे आहोत, त्याची एक मुळी या निवेदनात आहे. लेखक म्हणून पाहिलं तर या मागणीचा दुसरा अर्थही लागतो. वाचक तयार झाल्याशिवाय पुस्तकाला आयुष्य नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आपल्याच माणसानं हात आखडता घेतला

परक्यानं नाकारलं तर माणूस चिडतो. आपल्यानं नाकारलं तर आत काहीतरी तुटतं. जोतीरावांच्या वाट्याला तेही आलं.

१८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. सावकार, धर्माच्या नावावरचा खर्च, सरकारी खात्यांतली कारकुनी, पाणी, जंगल, जनावरं. शेतकऱ्याच्या दैन्याची इतकी बारीक नोंद त्या काळच्या मराठीत क्वचितच सापडेल. लोखंड्यांनी 'दीनबंधु'त पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. मजकूर जहाल होता, सरकारचा रोष ओढवण्याची भीती होती. जोतीराव संतापले. त्यांनी त्या संपादकाच्या भित्रेपणावर कडक शब्दांत लिहिलं.

इथे मी लोखंड्यांना खलनायक करणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधणारा हाच माणूस. बंद पडायला आलेलं पत्र त्यानं जिवंत ठेवलं होतं. एका मजकुरापायी सगळं पत्रच बुडालं तर काय, ही त्याची काळजी खोटी नव्हती. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि तरी मैत्रीला ओरखडा पडतो, हे आपण मुलांना सांगायला हवं. थोर माणसांची भांडणं लपवून आपण त्यांना मातीचे पुतळे करतो.

मग जोतीरावांनी काय केलं? हस्तलिखित काखेत मारलं आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी लोकांसमोर 'असूड' वाचलं गेलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी वेळ काढून ते ऐकलं आणि लेखकाचा सत्कारही केला. पूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत छापून निघालं नाही. पण ते हजारो माणसांच्या कानांत शिरलं होतं. छापखान्यानं दार लावलं म्हणून पुस्तक थांबलं नाही.

दुसऱ्याच्या पुस्तकासाठी उभं राहणं

स्वतंत्र लेखकाला एकटेपणाची सवय होते. मग तो हळूहळू फक्त स्वतःच्या पुस्तकाचं पाहू लागतो. मी तशी झाले होते, कबूल करते. जोतीराव तसे झाले नाहीत.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. बायकांना दोष देणाऱ्या पुरुषांचे दोष तिनं एकेक करून मोजून दाखवले होते. तिच्यावर टीका झाली, ती सत्यशोधक मंडळींकडूनही झाली. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार' नावाच्या छोट्या पुस्तिका काढायला घेतल्या, त्यात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. पंडिता रमाबाईंचीही घेतली. 'सत्सार'चे दोनच अंक निघाले. त्यातली इतकी जागा त्यांनी दोन बायकांच्या बाजूनं लढायला वापरली.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पण एवढ्या गदारोळात एक नामवंत लेखक जाहीरपणे आपल्या पाठीशी उभा आहे, हे तिला कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

सभेचं आमंत्रण

त्याच १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीरावांना आमंत्रण पाठवलं. आज ज्याला आपण साहित्य संमेलन म्हणतो त्याची सुरुवात अशाच सभांतून झाली. रानड्यांशी वैर होतं असंही नाही. १८७५ साली स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीला संरक्षण द्यायला जोतीराव रानड्यांच्या बाजूनं उभे राहिले होते. तीस वर्षं दारं ठोठावणाऱ्या लेखकाला आता आतून बोलावणं आलं होतं. दुसरा कुणी धावत गेला असता.

जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये ११ जून १८८५ रोजी छापून आलं. त्याचा आशय असा, की जे लोक सगळ्या माणसांना माणुसकीचे हक्क प्रत्यक्ष वागण्यात देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. शूद्रातिशूद्रांची दुःखं त्यांच्या ग्रंथांत येत नाहीत. आमचं आम्हालाच पाहावं लागेल.

कुणाला हा ताठरपणा वाटेल. मला त्यात लेखकाचा हिशेब दिसतो. ज्याच्यासाठी लिहिलं तो वाचक त्या मंडपात बसणार नव्हता.

डावा हात

११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेनं जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. घरची स्थिती ओढग्रस्तीची झाली होती. मामा परमानंद यांनी १८९० साली सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदतीची विनंती केली, यावरून कल्पना करा. ठेकेदारीत पैसा मिळवलेल्या माणसाची ही अवस्था.

हातात एक पुस्तक अर्धं होतं. उजवा हात चालेना. जोतीरावांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं. वयाच्या साठीनंतर, आजारपणात, उलट्या हातानं. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवताना जे कष्ट पडतात ते आपण रोज पाहतो. तसं गिरवत त्यांनी १८८९ साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केलं.

छापलेलं पुस्तक त्यांना पाहायला मिळालं नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. दत्तक मुलगा यशवंत यानं १८९१ साली ते प्रसिद्ध केलं. पहिलं नाटक आणि शेवटचं पुस्तक, दोन्ही लेखकाला छापील रूपात दिसली नाहीत. पुढे १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' प्रकाशित केलं. एके काळी कमिटीनं नाकारलेला लेखक सरकारी खर्चानं छापला गेला. मधे ११४ वर्षं गेली.

आपण काय करू शकतो?

त्या मुलीला मी उत्तर दिलं. बाळा, बहुतेक वेळा त्यांनीच पैसे घातले. कधी छापलंच गेलं नाही, तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग तुम्ही पण वाचून दाखवा ना तुमचं पुस्तक. मुलांपासून काही लपत नाही.

कपाटावरचा गठ्ठा मी खाली काढला. माता-पालक मेळाव्यात नेहमीच्या सूचना झाल्यावर चार कविता मी वाचल्या, चार मुलांनी वाचल्या. एक आजी शेवटी जवळ आल्या. त्यांना वाचता येत नाही. एक प्रत मागून घेतली आणि म्हणाल्या, नातीकडून रोज एक ऐकेन. पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. चुकलं माझं. जोतीरावांनी कदाचित घेतले असते, कारण पुस्तक विकत घेण्याचा मान त्या आजींचाही आहे. पुढच्या वेळी घेईन.

मित्रांनो, यंदाच्या जयंतीला किंवा स्मृतिदिनाला वर्गात एवढं करून पाहा :

१. मुलांना जोतीरावांच्या पुस्तकांची यादी पाठ करायला देण्याऐवजी प्रत्येक पुस्तक कुठल्या प्रकारात आहे ते सांगा आणि विचारा, हा प्रकार का निवडला असेल?

२. वर्गाचं हस्तलिखित काढा. लिहिणारे, चित्र काढणारे, शुद्धलेखन तपासणारे, बांधणी करणारे असे गट करा. पुस्तकामागे किती हात लागतात ते मुलांना कळेल.

३. ते हस्तलिखित शाळेच्या कपाटात कुलूपबंद करू नका. रोज एका मुलाच्या घरी पाठवा. घरातल्या ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला मुलानं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं.

पालकहो, तुमचं मूल वाचून दाखवायला आलं तर मोबाईल बाजूला ठेवून पाच मिनिटं ऐका. अडखळलं तर अडखळू द्या.

माझा गठ्ठा अजून संपलेला नाही. एकशे चाळीसच्या आसपास प्रती आहेत. पण आता साफसफाई निघाली की मन खट्टू होत नाही. पुढच्या मेळाव्याला किती न्यायच्या, तेवढं मोजते आणि पिशवीत भरते.

लेख आवडला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर वाचून दाखवा.